पावेलची नवरी

गाव्रिल पहिल्यांदा आमच्या दारात आला, तेव्हा त्याच्या भुवयांवरून धुकं ठिबकत होतं.

नोव्हेंबरची सकाळ. इझा नदीवरून धुकं चढलं की आमच्या गावात समोरचं कुंपणसुद्धा दिसत नाही, नुसते आवाज येतात. आधी बुटांचे आले... मग दार वाजलं.

"नवरीचा मुकुट हवाय," तो म्हणाला. "आजच."

मी आणि माझी तोदोसिया आत्या, आम्ही दोघी लग्नाचं शिवणकाम करतो. नवरीचा पांढरा पोशाख, करवल्यांचे फुलाफुलांचे घागरे, मण्यांचे आणि बारीक आरशांचे मुकुट. असं घाईचं गिऱ्हाईक आलं की मला चेष्टा सुचते.

"आजच? नवरी पळून चाललीय की काय?"

तो हसला नाही. "नवरी अजून ठरली नाहीये."

"अगंबाई! मग मी माप कुणाचं घेऊ?"

"कुणाचंही घ्या. दुपारपुरताच घालायचाय."

आत्याच्या हातातली सुई थांबली. तिनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि हलक्या आवाजात विचारलं, "कुणाचा मुलगा गेला रे?"

"पालागिया काकूंचा. पावेल."

माझं हसू तिथंच विरलं. परवा जंगलात देवदार तोडताना झाड भलतीकडेच फिरलं, एवढं कानावर आलं होतं. सव्वीस वर्षांचा, बिनलग्नाचा. आमच्याकडे अशा मुलाला नुसतं मातीत ठेवत नाहीत. आधी त्याचं लग्न लावतात. निशाण, व्हायोलिन, करवल्या, सगळं असतं, आणि शवपेटीच्या शेजारून चालायला एक नवरीही लागते. नाहीतर तो आपलं राहिलेलं मागायला परत येतो... असं म्हणतात. मोठ्यानं कुणी म्हणत नाही, पण करतात सगळे.

खालच्या गावातलं एक लग्न मोडलं होतं, त्याचा मुकुट तयार होता. नेहमीच्या सवयीनं मी तो स्वतःच्या डोक्यावर चढवला, मागची फीत बांधायला भिंतीवरच्या आरशाकडे वळले... आणि माझ्यामागे उभा असलेला तो मला दिसला. धिप्पाड, डोळे सुजलेले, उजव्या हाताची नखं काळीनिळी. त्या हातांनीच मित्रावरचा ओंडका उचलला असणार.

"चार मुलींना विचारलं," तो आरशातल्या मला म्हणाला. "चौघींच्या आयांनी दारं लावून घेतली. काकू तीन दिवस त्याच्या उशाशी बसून आहेत. रडत नाहीत. फक्त विचारतात, नवरी मिळाली का?"

काय झालं मला, कुणास ठाऊक. मी फितीची गाठ घट्ट मारली.

"मिळाली म्हणून सांग."

"सावेता!" आत्या किंचाळलीच. "वेडी झालीस? मेलेल्याची नवरी झालीस तर पुढे कोण करून घेईल तुला?"

"त्या माउलीला कुणी ना कुणी हवंच ना गं, आत्या..."

गाव्रिलनं टोपी काढली, आणि मी दाराबाहेर पडेपर्यंत परत घातली नाही.

त्या दुपारी माझं लग्न लागलं. पावेलच्या बोटात मेणाची अंगठी होती, माझ्याही बोटात तशीच. त्याचा चेहरा झोपलेल्यासारखा नव्हता... लक्ष देऊन काहीतरी ऐकत असल्यासारखा होता. व्हायोलिनवाल्यानं नवरदेव निघतानाची धून लावली, पण इतकी संथ, की दोन सुरांमध्ये कावळे ऐकू येत होते. पुढे निशाण घेऊन गाव्रिल. निशाणाला रंगीत रुमाल आणि पितळी घुंगरं. चार पावलं टाकली की घुंगरं वाजत, आणि तो मागे वळून बघे.

पालागिया काकूंनी माझा हात धरला होता. "सूनबाई," त्या कानाशी म्हणाल्या, "गार वाटतंय का?"

मुठीतल्या उबेनं अंगठी मऊ झाली होती. पेटी खड्ड्यात उतरली, तेव्हा अंगठी माझ्या बोटाला चिकटून बसली होती.

पुढच्या रविवारी गाव्रिल आला. कोटाचं बटण तुटलं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी आला, पुन्हा बटण.

"मागच्या आठवड्यात मधलं, आज वरचं," मी दोरा ओवत म्हणाले. "स्वतःच ओढून काढतोस वाटतं?"

"नाही. बकरी खाते."

"तुझ्याकडे बकरी आहे?"

"शेजाऱ्यांकडे आहे."

"म्हणजे शेजाऱ्यांची बकरी कुंपण ओलांडून येते, तुझ्या कोटाचं एकच बटण खाते आणि परत जाते?"

"हुशार आहे फार," तो गंभीरपणे म्हणाला... आणि मग आम्ही दोघंही हसलो. हसताना तो खाली बघायचा. मी दोरा दातांनी तोडायला वाकले, तेव्हा माझं कपाळ त्याच्या छातीपासून बोटभर अंतरावर होतं. त्याचा श्वास थांबलेला मला कळला. माझाही थांबला होता. पलीकडे आत्या उगाचच कात्री आपटत होती.

पण गावाला हसू येत नव्हतं. ठरलेल्या दोन नवरीमुलींनी मुकुट दुसरीकडे सांगितले. जानेवारीत माझ्या जिवलग मैत्रिणीचं, आनुत्साचं लग्न होतं. आमच्याकडे नवरी प्रत्येक करवलीला स्वतः भरलेला रुमाल पाठवते. बाकी पाचजणींकडे रुमाल पोचले. माझ्याकडे आनुत्साची आई आली आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "राग मानू नकोस हं, पोरी. नवरीशेजारी तू उभी राहिलीस तर... लोकांना बरं वाटायचं नाही." तिचे डोळे माझ्या खांद्यामागे काहीतरी शोधत होते. मी मागे वळून पाहिलं. कुणीच नव्हतं.

मग घुंगरं वाजायला लागली.

पहिल्यांदा वाटलं, कुणाची तरी मेंढी. संध्याकाळचा दिवा लागला की रस्त्याच्या टोकाला छुन्... थोड्या वेळानं कुंपणापाशी... मग अगदी माझ्या खिडकीखाली. पडदा सारला की धुक्याशिवाय काही नाही. सकाळी खिडकीच्या फळीवर एक लाल सफरचंद. दुसऱ्या दिवशी वेणी घातलेला छोटा पाव. बिनमिठाचा... मृतांच्या नावानं करतात तसा.

"खाऊ नकोस," आत्या म्हणाली आणि ते सगळं चुलीत टाकलं. सफरचंद जळताना घरभर गोड वास पसरला, आणि मला भरून आलं.

सहाव्या दिवशी बर्फ पडला. त्या सकाळी गाव्रिल आला, तेव्हा मी अंगणात उभी होते, थिजून. बर्फावर पावलं होती. पुरुषाचे मोठे बूट. दफनभूमीच्या बाजूनं आलेले, खिडकीपाशी थांबलेले आणि परत गेलेले.

गाव्रिल खाली बसला. उजव्या टाचेच्या ठशावर त्यानं बोट ठेवलं. तिथली लोखंडी नाल अर्धी तुटलेली होती.

"हे पावेलचे बूट आहेत," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "ही नाल माझ्यासमोर तुटली होती."

"त्याला तर नव्या बुटांत पुरलं ना?"

"हो... मीच चढवले."

कुठेतरी छपरावरून बर्फ घसरला, आणि मी त्याची बाही पकडली. त्यानं सोडवून घेतली नाही. पण माझ्याकडे बघितलंही नाही.

"तो तुझ्यासाठी येत नाहीये, सावेता. माझ्यासाठी येतोय."

"असं का म्हणतोस?"

"त्या दिवशी मी निशाण घेऊन पुढे होतो. पेटीकडे बघायला म्हणून मागे वळत होतो. निदान मला तसं वाटत होतं. पण मी बघत होतो तुझ्याकडे. माझा लहानपणापासूनचा मित्र तिथं आडवा पडलेला, आणि मी... त्याच्या नवरीकडे बघत होतो. दर चार पावलांनी." तो उठला. "बटणं मीच तोडतो. तुला ते माहितीच आहे. आता नाही तोडणार. येणारच नाही मी."

"गाव्रिल..."

"तू त्याची आहेस. सगळ्या गावासमोर लग्न लागलंय तुमचं."

तो गेला. त्याच्या पावलांचे ठसे त्या दुसऱ्या ठशांना ओलांडत गेले... एकदाही त्यांच्यावर न पडता.

संध्याकाळी आत्या चर्चला गेल्यावर मी शाल गुंडाळली आणि अंगणातल्या लाकडांच्या ढिगाऱ्याआड उभी राहिले. भीती तर इतकी, की दात वाजत होते. पण भीतीहून रागच मोठा होता. ज्या माणसाशी मी जन्मात एक शब्द बोलले नव्हते, त्यानं माझे सगळे रविवार का न्यावेत?

छुन्.

धुक्यातून तो आला. गावात लांबून कितीदा पाहिलेला पावेलचा मेंढीच्या कातड्याचा कोट मी लगेच ओळखला, त्याची उंच टोपी, ते बूट. पावलं ओढत खिडकीशी आला. खिशातून सफरचंद काढलं, बाहीवर पुसलं, फळीवर ठेवलं.

माझ्या तोंडून आवाज कसा फुटला, मला माहीत नाही. "पावेल?"

आकृती वळली. टोपीखाली पालागिया काकूंचा चेहरा होता.

"सूनबाई," त्या प्रेमानं म्हणाल्या, "खिडकी बंद ठेवत जाऊ नकोस गं. तो येतो आणि तसाच परत जातो."

कोटाच्या पट्ट्याला निशाणाची घुंगरं बांधलेली होती. मी हात पुढे केला, पण त्या मला ओलांडून धुक्यात निघून गेल्या. भूत असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. भुतासाठी पाद्रीबाबा असतात. यासाठी कोण?

रात्रभर मी विचार केला. खऱ्या लग्नात संध्याकाळी नवरीचा मुकुट मोठी बाई स्वतःच्या हातांनी उतरवते, तेव्हा लग्न पुरं होतं. माझा कुणी उतरवलाच नव्हता. दफनानंतर बायका काकूंना सावरत घरी घेऊन गेल्या, आणि मी एकटीच परत येऊन तो काढून पेटाऱ्यात टाकला होता. त्या घरात लग्नाचा तो दिवस अजून मावळलाच नव्हता.

सकाळी मी नवरीचा पोशाख केला. मुकुट घातला. तशीच भर गावातून निघाले. लोक खिडक्यांतून बघत होते. एका म्हातारीनं मला बघून रस्ताच बदलला.

काकूंच्या अंगणात गाव्रिल लाकडं फोडत होता. पावेल गेल्यापासून रोज सकाळी फोडायचा, मला ठाऊक नव्हतं. मला बघून त्याची कुऱ्हाड हवेतच राहिली.

"घाबरू नकोस," मी म्हणाले. "आणि आत चल माझ्याबरोबर. मला एकटीला जमणार नाही."

आत खोली सजवलेली होती. पलंगावर दोन उशा, दोन्हींवर भरतकाम. टेबलावर तीन ताटं. तिसऱ्या ताटातल्या मक्याच्या उकडीतून वाफ निघत होती.

"आलीस!" काकू उठल्या. त्यांचा चेहरा असा उजळला, की मला पळून जावंसं वाटलं. "बस. तो येईलच."

मी बसले नाही. त्यांच्यासमोर गुडघे टेकले.

"काकू, मुकुट फार जड झालाय. उतरवा ना."

"तो आल्यावर उतरवू."

"तो येऊन गेला, काकू. तुम्ही त्याचं लग्न लावलंत. सगळं नीट केलंत. निशाण होतं, वाजप होतं, मी होते. त्याचं काही राहिलं नाही. एवढंच राहिलंय, आणि ते तुमच्या हातचं आहे."

चुलीतलं लाकूड तडकलं, तसे आम्ही तिघंही दचकलो.

"हा उतरवला," काकू कुजबुजल्या, "तर मग तो... खरंच गेला."

"हो, काकू," गाव्रिल म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "मी होतो तिथं. माझ्या हातातच गेला तो."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या... त्याच्या त्या नखांकडे. महिन्याभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना हे सरळ सांगितलं होतं बहुतेक. त्यांचे हात माझ्या डोक्याकडे आले, थांबले, पुन्हा आले. फीत सुटली. मुकुट उतरला. आणि तो छातीशी धरून ती बाई रडली... अशी रडली, की बाहेर कुत्रीसुद्धा गप्प झाली.

खूप वेळानं त्यांनी डोळे पुसले, फणी घेतली आणि माझे केस विंचरून एकच लांब वेणी घातली, लग्न न झालेल्या मुली घालतात तशी.

"जा, सावेता," त्या म्हणाल्या. "तू आता कुणाची नाहीस."

अंगणात ऊन आलं होतं. गाव्रिल माझ्यामागून बाहेर आला आणि लाकडांच्या ढिगाकडे असं बघू लागला, जणू ती लाकडं आत्ताच आभाळातून पडलीत.

"ऐकलंस ना?" मी म्हणाले. "मी कुणाची नाही."

"ऐकलं."

"मग?"

"मग..." त्याचे कान लाल झाले. "मला भीती वाटते, सावेता. पावेलची नाही आता. लोक म्हणतील, मित्र मरायचीच वाट बघत होता..."

"लोकांनी माझ्या तोंडावर दारं लावली. त्यांना काय विचारायचं?" मी एक पाऊल पुढे गेले. "मला विचार."

"तुला राग येणार नाही?"

"तू नाही विचारलंस, तर येईल."

त्यानं टोपी काढली. पिळली. पुन्हा घातली. "मला तू आवडतेस," तो एका दमात म्हणाला, "पहिल्या दिवसापासून आवडतेस, आणि त्या दिवसाची मला लाज वाटते, तरी आवडतेस... येत्या उन्हाळ्यात, पावेलचं वर्ष व्हायच्या आत नको, पण त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात... तू..."

"एवढी लांबण?" खिडकी धाडकन उघडली. पालागिया काकूंचे डोळे सुजलेले होते, पण आवाज खणखणीत होता. "अरे, पोरगी थंडीत उभी आहे! हो किंवा नाही, काय ते आत येऊन बोला. उकड गार होतेय, आणि ताटं तीन वाढलीत मी."

गाव्रिलनं माझ्याकडे पाहिलं. या वेळी खाली नाही, थेट.

"हो," मी म्हणाले.

त्याचा हात खरखरीत होता, आणि गरम... इतका गरम. तो धरून मी पायऱ्या चढले.