रंगाऱ्याचं डावं पाऊल

ही गोष्ट रात्रीची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. भर दुपारची आहे. खिडक्या उघड्या, पंखे चालू, बाहेर ट्रॉलीवर चहाचे कप वाजतायत. अशा वेळी घाबरायला कोणाला फुरसत असते?

पण ती खरी आहे. माझ्या भाचीची आहे, आणि माझी भाची पदरचं काही घालून सांगणाऱ्यांतली नाही. लहानपणी हातून बरणी फुटली तरी मांजराचं नाव न घेता स्वतः येऊन सांगायची.

ती फिजिओथेरपिस्ट आहे. पाठीच्या कण्याला मार बसलेल्यांच्या वॉर्डात काम करते.

तिथे खिडकीजवळच्या खाटेवर एक रंगारी होता. इमारत रंगवताना परांचीवरून पडलेला. मणक्याचं मोडलेलं हाड आत घुसून मज्जारज्जूची डावी बाजू चिरली गेली होती. फक्त डावी.

आता जरा सावकाश ऐका. हे नीट कळलं, तरच पुढचं कळेल.

मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातून उतरणारा, करंगळीएवढा जाड दोर. तो आडवा कापला तर आत राखाडी रंगाचं फुलपाखरू दिसतं. ती चेतापेशींची वस्ती. फुलपाखराच्या पुढच्या पंखांतल्या पेशी स्नायूंना हलवतात, मागच्या पंखांतल्या अंगावरच्या खबरा घेतात. आणि फुलपाखराभोवती पांढरे तंतू असतात, ते रस्ते. काही मेंदूकडे चढणारे, काही मेंदूकडून उतरणारे.

गंमत अशी की सगळे रस्ते एका बाजूने जात नाहीत. पाय हलवायचा हुकूम त्याच बाजूने खाली येतो. पाय कुठे आहे, वाकलाय की सरळ आहे, ही खबरही त्याच बाजूने वर जाते. पण टोचल्याची आणि गार-गरमची खबर आत शिरली की लगेच रस्ता ओलांडते आणि पलीकडच्या बाजूने चढते.

म्हणून रंगाऱ्याचा डावा पाय हलेना. डोळे मिटले तर तो कुठे आहे हेही त्याला सांगता येईना. उजवा पाय हलायचा, पण त्याला टाचणी कळत नव्हती, बर्फ कळत नव्हता.

"भिंतीसारखं झालंय, ताई," तो भाचीला म्हणायचा. "कुठलाही रंग मारा, भिंत तक्रार करत नाही."

त्याची बायको डब्याचं झाकण उघडता उघडता म्हणायची, की घरी असतानाही हा माणूस सांगितल्यावर कधी हलला नाही, आता निदान कारण तरी आहे. ती हसायची. मग डबा ठेवायला वळली की पदराने डोळे पुसायची. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती.

आणि मोठ्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. पुढच्या राउंडपर्यंत डावा पाय स्वतःहून जरासा हलला, तर चालण्याचे व्यायाम सुरू. नाही हलला, तर चाकाची खुर्ची द्यायची आणि खाट रिकामी करायची. बाहेर रांग होती.

राउंडच्या आदल्या दुपारी भाची त्याला तपासायला बसली. डोळे मिटायला सांगितलं. कापूस लावायचा, टाचणी लावायची, गार पाण्याची बाटली लावायची, आणि दर वेळी विचारायचं, "काय कळलं?"

या कामात एक रीत असते. अधूनमधून काहीच न लावता विचारायचं. बरं व्हायची घाई झालेला माणूस उगीचच हो म्हणतो. त्याची आशा कुठली आणि कातडी कुठली, हे त्यातून कळतं.

भाचीने बाटली खाली ठेवली. दोन्ही हात मांडीवर घेतले.

"आता काय कळलं?"

रंगाऱ्याने मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले.

मग हळूच म्हणाला, "उजवी पोटरी. हात आहे. तुमचा हात किती गार पडलाय, ताई."

भाचीने आपल्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवरच होते.

उजव्या पायाला गार कळायचा रस्ताच तुटला होता. तिने खरोखरच हात ठेवला असता, तरी तो गार आहे हे त्याला कळायला नको होतं.

तिने उजव्या पोटरीला बाटली लावली. गार घाम आलेली बाटली.

"आता?"

"काहीतरी लागलंय एवढं कळलं. गार नाही."

तिने बाटली बाजूला केली. पुन्हा काही न लावता विचारलं. आवाज नेहमीचा ठेवायचा तिने प्रयत्न केला.

"तोच हात," तो म्हणाला. "आता गुडघ्यावर आलाय..."

तिने त्याला डोळे उघडायला सांगितलं. आजचं पुरे, म्हणाली. तो मात्र खुशीत होता. गार कळलं म्हणजे सुधारतंय ना, असं त्याने दोनदा विचारलं. ती बघू म्हणाली.

तेवढ्यात डबा घेऊन आलेली बायको खाटेच्या टोकाकडे बघत पुटपुटली, "अगं बाई..."

डावा पाय हलत होता.

टाच खाली, चवडा खाली. टाच, चवडा... संथ, एका लयीत.

असा मार बसलेल्या पायात कधीकधी आपोआप थरथर सुटते. भाचीने ती शेकडो वेळा पाहिली होती. पण ती थरथर कोणी पाय दाबला की सुरू होते आणि मुकाट विझते. हा पाय मध्येच थांबत होता. क्षणभर वाट पाहत होता. मग पुन्हा सुरू होत होता.

"हे तर मशीन चालवणं झालं," बायको म्हणाली. "शिलाईचं. कापड फिरवायला थांबतात ना, तसं."

घरात शिलाई मशीन आहे का, असं भाचीने विचारलं. कधीच नव्हतं, बायको म्हणाली. तिच्या माहेरी-सासरी कोणी शिवणकाम केलं नव्हतं.

"काय चाललंय?" रंगाऱ्याने उशीवरून विचारलं.

आपला पाय हलतोय हे त्याला माहीतच नव्हतं.

भाचीने नंतर वॉर्डच्या सिस्टरना विचारलं, त्या खाटेवर आधी कोण होतं. सिस्टर औषधं मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोणकोण म्हणून सांगू?"

दुसऱ्या दिवशी राउंड आला. मोठे डॉक्टर, त्यांच्यामागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. रंगाऱ्याला अंगठा हलवायला सांगितलं. त्याने दात आवळले, मानेच्या शिरा फुगल्या...

काही नाही.

बायकोने खाटेची कड घट्ट धरली होती.

मोठे डॉक्टर वळणार, इतक्यात पाय हलला. टाच, चवडा.

"थांबा," ते म्हणाले.

पाय थांबला.

"आता हलवा."

पाय हलला.

मोठे डॉक्टर खूश झाले. मागच्या पोरांना म्हणाले, बघा, हुकूम पाळतोय, म्हणजे रस्ता थोडा उरलाय. मग रंगाऱ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्हीच हलवलात ना?"

रंगारी छताकडे बघत होता. त्याने मान वळवून भाचीकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते ती मला आजही सांगू शकत नाही. तिने बोलायला तोंड उघडलं. मग तिला तिसरा मजला आठवला. तिने तोंड मिटलं.

"हो," रंगारी म्हणाला. "मीच."

व्यायाम सुरू झाले. आधी दांड्यांना धरून, मग वॉकर, मग काठी. तो चालत घरी गेला. वॉर्डात टाळ्या वाजल्या.

काही महिन्यांनी तो तपासणीला आला. चेहऱ्याचा रंग चांगला सुधारला होता. बायकोने आता याच्यामागे धावावं लागतं, अशी तक्रार केली आणि ती केसपेपर काढायला नोंदणीच्या खिडकीपाशी गेली.

भाचीने त्याला डोळे मिटायला लावले. डाव्या पायाचा अंगठा वर केला, खाली केला. कुठे आहे ते त्याला सांगता आलं नाही. उजव्या पायाला टाचणी लावली. कळली नाही. सगळे तुटलेले रस्ते होते तसेच तुटलेले होते.

तरी माणूस जिना चढत होता.

"दादा," तिने खालच्या आवाजात विचारलं, "चालताना कसं वाटतं?"

त्याने बायको लांब आहे हे पाहून घेतलं.

"उजवा पाय मी टाकतो, ताई. डावा कुठे आहे ते मला कळतच नाही. पण त्याला कळतं."

भाचीने टाचणी डबीत ठेवली.

"परवा घराकडे वळायचं होतं. तो वळला नाही. मागच्या गल्लीत घेऊन गेला. तिथे एक बंद दार आहे, कुलूप लागलेलं. त्याच्यासमोर उभा राहिला... मीही उभा राहिलो. काय करणार? तो फिरला तेव्हा घरी आलो."

मग त्याने तिला विचारलं, की मोठ्या डॉक्टरांना हे सांगू का.

"सांगितलं तर जाईल का तो?" तो म्हणाला. "आणि तो गेला, तर माझं चालणं?"

फुलपाखराचा कुठला पंख काय करतो, कुठला रस्ता कुठे ओलांडतो, हे माझी भाची झोपेतही सांगेल.  या वेळी मात्र, नका सांगू, एवढंच ती म्हणाली.

त्याने मान हलवली. काठी घेतली. खाली बघितलं.

"चला," तो म्हणाला.

भाची त्याला दारापर्यंत सोडायला उठली. मग तिच्या लक्षात आलं, तो तिच्याशी बोलत नव्हता.

डावं पाऊल आधी पडलं.