गाळाची पावलं

छावणीच्या टोकाला अप्पारावांचा बंगला. चिकलठाण्याला कारखाने यायच्या आधी बांधलेला, पण अजून नवा वाटावा असा. सपाट छत, भिंतभर काचा, मागं पोहायचा तलाव आणि पलीकडं गोगाबाबाचा डोंगर.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी भर दुपारी तिथून थोरल्या महालक्ष्मीच्या गळ्यातली सोन्याच्या पुतळ्यांची माळ गेली. अप्पारावांनी पोलिसांआधी खासगी तपास करणाऱ्या सूर्यभानला फोन केला. सोबत त्याचा मदतनीस मुंजाबा आलाच.

तलाव उपसायला काढलेला. काठावर काळ्या गाळाचा ढीग. तलावाकडच्या काचेच्या दारापासून जाजमावरून गाळाची पावलं थेट महालक्ष्म्यांपर्यंत गेली होती, आणि तशीच परत. ठसे फरफटलेले, आकार कळत नव्हता.

"गाळात दिवसभर कोण उभा हाय? कडुबा," अप्पारावांचा मेहुणा बन्सी म्हणाला. तो दिवाणखान्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा होता. "मी सकाळी पाचोडहून आलो तवापासून बघतोय. गेटावर सगळ्यांम्होरं सांगितलं मी, चोर ह्योच."

मुंजाबाला ते पटलं.

तलाव उपसणारा कडुबा बाहेर पायरीखाली उभा होता. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत गावात त्याचं घर जाळलं होतं. अप्पारावांनी मागची खोली दिली, पोरांना तलावात डुंबायची मुभाही दिली.

"आत कधी गेलायस का?" सूर्यभाननं विचारलं.

"नाय साहेब. बाईंना चालत नाय. ठाण्यात नेलं तर आजच्या दिवसांत माझं कोण ऐकंल? पोरं कुठं न्यावी?"

स्वयंपाकीण आक्काबाई पुरणाचं ताट घेऊन आली आणि बन्सीच्या शेजारीच खाली ठेवून बसली. "मी आज पहाटेच्या एसटीनं गंगापूरहून आले बाबा. चुलीपासून हलले नाय. लई राबवतात इथं."

अप्पाराव त्याच जागेवरून येरझाऱ्या घालत होते. तेही सकाळीच मुंबईहून परतले होते.

शेवटी अप्पारावांच्या बायको द्वारकाबाई आल्या. मुख्य दारातून महालक्ष्म्यांपर्यंत भिंतीच्या कडेकडेनं चालत.

"काल एकटीनंच आणल्या हो महालक्ष्म्या. दारापासून दिवाणखाना ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून पाटापर्यंत कुंकवाची पावलं काढली, आरती केली. मग येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय पडू नयेत म्हणून वर जाजम अंथरलं. आणि आज हे."

सूर्यभान खाली बसला. गाळाचे ठसे त्यानं बोटानं मोजत नेले.

"मुंजाबा, चालताना तू मधेच ढांग टाकतोस का?"

"पाणी असलं तर."

"इथं काय आहे?"

मधोमध एका ठिकाणी ठसा लांबला होता. जाताना आणि येतानाही. मधलं जाजम कोरडं, स्वच्छ.

सूर्यभाननं आक्काबाईंना उठवलं, ताट सरकवलं आणि जाजम उलटलं. खाली कुंकवाची पावलं होती, दारापासून ओळीनं, ठसा लांबला होता नेमकी तिथून गेलेली.

"चोरानं ही ओळ ओलांडली, पण तुडवली नाही," तो म्हणाला. "जाजमाखाली ती कुठं आहे हे त्याला ठाऊक होतं. बन्सी तिच्यावर उभे राहिले, आक्काबाई बसल्या, अप्पाराव चालले. तिघंही जाजम पडल्यावर आले. कडुबाला तर दाराच्या आत यायचीच बंदी. कुंकवाची पावलं कुणी काढली, ते बाईंनीच सांगितलं."

द्वारकाबाई खाली बसल्या.

"त्याची पोरं आपल्या पाण्यात उतरतात," त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या. "मी तुम्हाला तीनदा सांगितलं. तुम्ही हसलात. गाळात पाय बुडवून आले. पण देवीच्या पावलावर पाय द्यायला मन धजलं नाही."

"आणि त्याला तुरुंगात धाडायला धजलं," सूर्यभान म्हणाला.

द्वारकाबाईंनी ओटीतून माळ काढून पाटावर ठेवली.

अप्पाराव काचेच्या दाराशी गेले. "कडुबा, राहशील ना?"

"जाऊ कुठं मालक? ऱ्हाईन." कडुबानं गाळाचे हात पुसले. "पण चोर म्हणलं ते गेटावर, सगळ्यांम्होरं. नाय म्हणायचं तेबी तिथंच म्हणावं. बाईंनी."

बन्सी काही बोलायला गेला. अप्पारावांनी त्याला गप्प केलं.

 द्वारकाबाई डोक्यावर पदर घेऊन उठल्या आणि गेटाकडं चालू लागल्या. कडुबा मागोमाग निघाला.