भिंतीला आतून अस्तर

आमच्या घराच्या भिंती भरीव दगडाच्या. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात हिवाळ्यात त्या भिंतीजवळ झोपणं म्हणजे मोठ्या साहेबाशेजारी बसणं. तो काही बोलत नाही, आपणच गारठत जातो. आमची ही त्याच भिंतीला लागून झोपायची, डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. आणि खोकायची. दोन कोरडे ठसके, मग एक लांब, विहिरीतून ओढून काढल्यासारखा. त्यानंतर हलकेच, "अहो... पाणी." मी कोमट पाण्याचा पेला पुढे करायचो. आणखी एक हिवाळा असाच गेला तर छाती टिकाव धरणार नाही, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी सुताराला बोलावलं.

"भिंतीला आतून स्वेटर घालू, काका," तो म्हणाला. म्हणजे दगडावर लाकडी पट्ट्या मारायच्या, मधल्या जागेत लोकरीसारख्या जाड गाद्या भरायच्या आणि वरून फळ्या ठोकून सगळं बंद करायचं. खोली तेवढी लहान होणार होती. निवृत्त माणसाला मोठी खोली हवी तरी कशाला?

धूळ सोसणार नाही म्हणून हिला तिच्या बहिणीकडे पाठवलं. काम संपायच्या दिवशी दुपारी ती परतणार होती. शेवटची फळी लावायची वेळ आली तसा सुतार थांबला. हातोडीच्या दांड्याने भिंतीवर टकटक करून त्याने विचारलं, "आत कोणी राहिलं नाही ना?"

"ही काय धर्मशाळा आहे?" मी म्हणालो.

"आमच्या उस्तादाने एकदा मांजर बंद केलं होतं, काका. तेव्हापासून विचारल्याशिवाय शेवटची फळी लावत नाही."

"आणि मांजर उत्तर देतं?"

"ओरडतं तरी."

एवढ्यात जवळूनच आवाज आला, "नाही रे बाबा. लाव तू."

हिचाच आवाज. सुताराने समाधानाने खिळे ठोकले. ही मागच्या दाराने आली असणार, असं धरून मी चहाचं आधण ठेवायला गेलो. आधणाला उकळी फुटते तोच पुढचं फाटक वाजलं. ही दारात उभी, हातात पिशवी.

"कधी आलीस?"

"आत्ताच. दिसत नाही का?"

सुतार हत्यारं गोळा करत होता. त्याने हिच्याकडे पाहिलं, मग फळीकडे पाहिलं, आणि चहा न घेताच गेला.

त्या रात्रीपासून हिचा खोकला थांबला. कमी झाला नाही, थांबला. डॉक्टर खूश. ही आता उताणी झोपते, फळीसारखी सरळ. पाणी मागत नाही. मी स्वतःला बजावत होतो, बुवा, माणसाने सुखाला नावं ठेवू नयेत.

मग थंडी वाढली. एका सकाळी बाहेर गेलो तर भिंतीवर दहिवर धरलेलं, पांढरंशुभ्र. पलंगामागे माणसाएवढी एक जागा मात्र कोरडी होती. वाकून पाहिलं. डावी कूस, पोटाशी घेतलेले गुडघे... दगडाला हात लावला. उबदार होता.

सुताराला बोलावलं. "गादी सरकली असेल, ऊब बाहेर जातेय," तो म्हणाला खरा, पण माझ्याकडे न बघता. खोलीत येऊन त्याने फळीला कान लावला. मग मला खुणेने बोलावलं.

दोन कोरडे ठसके. मग एक लांब.

ही आमच्या मागे पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तिचे ओठ मिटलेले होते.

"उघड," मी म्हणालो.

"अहो, कशाला?" ही म्हणाली. "गारठा आत येईल. आत्ता कुठे बरी झालेय मी."

खरंच होतं ते. तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. पण ती कोण, आणि ही कोण, हे मला कोणी सांगेल तर ना! सुताराने सांध्यात पटाशी घातली आणि सवयीने पुटपुटला, "आत... कोणी आहे का?"

"नाही," ही पलंगावरून म्हणाली.

त्याच वेळी फळीमागून, अगदी हलकेच, "अहो... पाणी."

सुतार पटाशी तिथेच सोडून गेला. ती अजून सांध्यात आहे. मी ती उपसतही नाही, दाबतही नाही. एकाच प्रकरणात दोन अस्सल कागद आले की फाईल पुढे ढकलायची, एवढंच जन्मभर कचेरीत शिकलो. शिवाय ही रोज त्या पटाशीला कपडे अडकवते आणि विचारते, "अहो, काढणार नाही ना?"

मी नाही म्हणतो. आणि निजायच्या आधी कोमट पाण्याचा पेला बाहेर, त्या कोरड्या जागेखाली ठेवून येतो. सकाळी तो रिकामा असतो. मांजर पीत असेल, असं मी म्हणत होतो.

आज सकाळी पेल्याच्या काठावरही दहिवर होतं, चहूकडून. फक्त ओठ टेकतात तेवढी जागा कोरडी होती.