राखून ठेवलेली जागा

आमच्याकडे उन्हाळ्याची तयारी जानेवारीत करावी लागते. सुपीरियर सरोवराच्या काठावर बर्च पॉइंटच्या कॅम्पात राहायचं, तर बुकिंग सहा महिने आधी सकाळी आठला उघडतं आणि सव्वाआठपर्यंत संपतंही. खिडकी अर्धी बर्फात बुडालेली असायची, आणि मी आणि माझी बायको लोर्ना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आपापला फोन पुढ्यात घेऊन बसायचो. आम्हांला दुसरी कुठलीही जागा नको असायची. सत्तावीस नंबरचीच हवी असायची.

पूर्वी बुकिंग वगैरे नव्हतं. जो आधी पोहोचेल त्याची जागा. म्हणून आमचा मुलगा एव्हर्ट आमच्या एक दिवस पुढे गेला होता. कॉलेज नुकतंच संपलं होतं त्याचं. "तुम्ही सावकाश या, मी सत्तावीस धरून ठेवतो," म्हणाला. आम्ही पोहोचलो तेव्हा तंबू ठोकलेला होता, आमच्या दोघांच्या खुर्च्या पाण्याकडे तोंड करून मांडलेल्या होत्या. त्याची कयाक, एकट्याने वल्हवायची होडी, तेवढी जागेवर नव्हती. ती पुढे सापडली. एव्हर्ट सापडला नाही. त्याला आता अकरा वर्षं झाली.

मी जन्मभर कौंटीच्या रस्त्यांची मोजणी केली. जे मोजता येत नाही त्याच्या वाटेला मी जात नाही. जानेवारीत सत्तावीस आम्हांला कधीच मिळायची नाही, आणि जुलैत तिथे उतरलेलं कुणीतरी मधेच उठून गेल्यामुळे हटकून मिळायची. याला मी योगायोग म्हणायचो.

मागच्या वर्षी लोर्नाचे गुडघे जमिनीवर झोपू देईनात, तेव्हा आम्ही आरव्ही, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी मोठी गाडी, घ्यायचं ठरवलं. एक दंतवैद्य त्याची जुनी गाडी विकत होता. शेगडी, न्हाणीघर, पाण्याची टाकी, सगळं त्याने दाखवलं. लोर्ना सरळ मागच्या भागात गेली.

"इथे तिसरा पलंग निघतो का?"

त्याने बाकाखालची फळी ओढून दाखवली. "नातवंडांसाठी हवाय का?"

"मुलासाठी," ती म्हणाली.

मी टायर बघायला बाहेर गेलो.

त्या जुलैत कॅम्पच्या फाटकाशी विल्बर भेटला. हा म्हातारा गेली काही वर्षं उन्हाळाभर तिथेच राहून कॅम्पची देखरेख करतो. "केवढी ही गाडी, रेयनो! आता टपालही इथेच मागवत जा," म्हणाला. मग त्याने आवाज खाली आणला. "सत्तावीस दरवर्षी तुम्हांलाच कशी रे मिळते?"

"नशीब."

"नशीब कसलं? तिथे लोक टिकत नाहीत. दुपारचा एक पोरगा येऊन सांगतो म्हणे, की ही जागा मी आईबाबांसाठी धरलीय. लोक माझ्याकडे येऊन कटकट करतात, एकच जागा दोघांना दिली म्हणून. मला तर कधी दिसला नाही बाबा."

लोर्नाने विचारलं, "कसा दिसतो?"

"उंच आहे म्हणतात. केस ओले असतात. बोलायला फार गोड. आणि इथे," विल्बरने आपल्या डाव्या भुवईवर बोट टेकवलं, "कापल्याची खूण आहे."

"सायकलवरून पडला होता," लोर्ना म्हणाली.

कुणाचा तरी घाणेरडा खेळ असणार, असं मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. पण त्या मुक्कामात मी एकदाही मासे धरायला गेलो नाही. आम्ही दोघं सत्तावीसमध्ये बसून राहिलो. पाइनच्या चिकाचा वास, खडीवर घासणारं पाणी, शेजारच्यांचा रेडिओ. लोर्ना रोज तिसऱ्या पलंगावर चादर घालायची आणि सकाळी ती तशीच, बिनसुरकुतीची काढायची. कुणी आलं नाही.

परतताना ती म्हणाली, "आपण जागेवर असलो की तो येत नाही. कशाला येईल? जागा आपल्याला मिळालेली असते."

"लोर्ना."

"मग पुढच्या वर्षी आपण तिथे नको बसायला. एवढंच कर माझ्यासाठी."

जानेवारीत, आठच्या ठोक्याला, मी सव्वीस नंबर बुक केला. सवयीने बोट दोनदा सत्तावीसवरच गेलं होतं.

या वेळी सत्तावीसमध्ये ओहायोची जॅनेल नावाची बाई उतरली होती. नर्स होती, मनमोकळी. नवरा बोट घेऊन गेला होता. लोर्नाने पहाटे उठून गाडीतल्या शेगडीवर भाजलेला वेलदोड्याचा पाव तिला नेऊन दिला.

"दुपारी एक मुलगा येईल तुमच्याकडे. त्याला सांगाल, आम्ही शेजारीच आहोत म्हणून?"

"सांगेन की. तुमचा मुलगा का?"

"हो," लोर्ना म्हणाली.

जेवणं झाली. ऊन कडक होतं. मी पाण्याची नळी जोडत होतो. लोर्ना सत्तावीसकडे तोंड करून बसली होती. तिने केस विंचरले होते आणि निळा ब्लाउज घातला होता.

जॅनेल पुस्तक मिटून उठली.

तिच्यासमोर कुणीही नव्हतं. मागे बर्चची झाडं आणि त्यापलीकडे पाणी. पण तिने मान वर केली होती. आपल्याहून उंच माणसाशी बोलताना करतात तशी.

ती काहीतरी ऐकत होती. मधेच हसली. मग हात लांब करून आमच्याकडे दाखवलं.

लोर्ना उभी राहिली. तिने हात वर केला.

मीही केला.

नळी हातातून सुटली आणि पाणी माझ्या बुटांवरून वाहत राहिलं. मी डोळे फाडून पाहत होतो. झाडं होती. पाणी होतं.

मग जॅनेलने कुणाला निरोप द्यावा तशी मान हलवली आणि ती वळून खुर्ची मिटू लागली.

लोर्ना धावली. त्या गुडघ्यांनी धावली. मी तिच्या मागे.

"आला होता ना?" तिने विचारलं. "काय म्हणाला?"

"आला होता. गुणी मुलगा आहे. आईबाबा आजच पोहोचतायत, जागा सोडाल का, म्हणाला. मी म्हटलं, अरे, ते तर आलेत, ते बघ शेजारी." ती थांबली. आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघायला लागली.

"मग?" मी विचारलं.

"बराच वेळ बघत होता तुमच्याकडे. मग म्हणाला, नाही हो मॅडम, हे म्हातारे दरवर्षी येतात. यांचंही कुणीतरी यायचं राहिलंय वाटतं."