काकूंचा दगडी गोळा

ही गोष्ट माझ्या मामाची. मामा पाथरवट. तिखटमीठ लावून बोलणं त्याला जन्मात जमलं नाही, म्हणूनच ती मला खरी वाटते.

घडली तीसुद्धा भर दुपारी, त्याच्या कारखान्याच्या मागच्या खोलीत.

शिकाऊ असताना परीक्षेला चौकोनी दगडातून हाताने गोळा घडवायचा होता. त्यात एक घाव खोल गेला की संपलं. तेवढा खड्डा घालवायला सगळाच गोळा लहान करावा लागतो.

मामाचा घाव खोल गेला.

शेजारी काकू बसायच्या, त्याही शिकाऊच. पंचेचाळिशीत छिन्नी धरलेल्या. पोरं चिडवायची, "काकू, नातवाला चेंडू करताय का?"

"हो, तुझ्या डोक्यापेक्षा भरीव!"

त्यांचा गोळा अगदी नितळ उतरला होता. जेवणाच्या सुट्टीत मामाने दोन्ही गोळे बदलले.

मामा पास झाला, नोकरी त्यालाच मिळाली. काकू नापास. तो खड्डा घालवायला त्या गोळा घरी घेऊन गेल्या... आणि घडवतच राहिल्या.

वर्षभराने त्या वारल्या, तेव्हा गोळा लिंबाएवढा उरला होता.

काकूंचा खरा गोळा मामाच्या कारखान्यात, मागच्या खोलीच्या खिडकीत होता. टाकवत नव्हता, बघवत नव्हता.

वीस वर्षांनी, एका सुट्टीच्या दुपारी मामा कारखान्यात एकटाच होता.

टक्... टक्... टक्...

आवाज मागच्या खोलीतून.

मामा आत गेला. आवाज थांबला. खोलीत कोणीच नव्हतं.

गोळ्याखाली ताजा चुरा... आणि गोळ्यावर गेरूचे लाल ठिपके. उंचवटे शोधायला साच्याला गेरू लावून फिरवतात ना, तसे.

मामाने परीक्षेचा जुना, पत्र्यात गोल कापलेला साचा लावून पाहिला. नेहमी घट्ट बसणारा साचा...

सैल पडला.

मग रोज दुपारी तेच. गोळा लहान होत चालला. मामाला अन्न गोड लागेना. शेवटी गोळा उचलून तो काकूंच्या मुलीकडे गेला आणि सगळं कबूल केलं.

ती म्हणाली,

"आई शेवटपर्यंत म्हणायची, दगड चांगला होता गं, माझाच हात वाईट. दादा, हे तुम्ही तिला सांगायला हवं होतं."

गोळा तिने घेतला नाही.

आता मामा रोज दुपारी त्या खोलीत बसतो. मोठ्याने सांगतो, "काकू, हात तुमचा चांगला होता. घाव माझा होता."

तो बोलतो तोवर आवाज थांबतो.

परवा मी दाराबाहेर उभा होतो. बोलून बोलून मामाचा घसा बसला. तो गप्प झाला...

मी दोन्ही कान झाकून घेतले.