मागच्या वाफ्याचं पाणी

खोटं वाटत असेल तर इब्रीच्या पुढच्या त्या खजुराच्या बागेत स्वतः जाऊन बघा. दिवसा जा. मुक्काम मात्र करू नका.

हे माझ्याच बाबतीत घडलंय. गेल्या नोव्हेंबरातला गुरुवार होता. आम्ही ओमानमध्ये, बौशरला राहतो. शुक्रवार-शनिवारची सुट्टी, म्हणून राजीवने हाफ डे टाकला आणि आम्ही तिघं निघालो. मी, राजीव आणि आमची आठ वर्षांची मैथिली.

बाग दोनशे वर्षं जुनी. तिच्या मागच्या अंगाला मातीच्या चार खोल्या. पूर्वी तिथे बागेतले कामगार राहायचे. कामगार कसले, आफ्रिकेतून आणलेले गुलाम. आता तिथे एसी आहे, पांढऱ्याशुभ्र चादरी आहेत, आणि बाहेर 'हेरिटेज कॉटेज' अशी पाटी आहे.

मी मुळातच संशयी. कुठेही उतरलो की आधी दाराची कडी बघते. राजीव म्हणतो, तू पोलिसात हवी होतीस.

या दाराला आतून कडीच नव्हती.

बाहेरून होती. लोखंडी, जाडजूड, दाराच्या अगदी वर. लावायला राजीवलासुद्धा हात उंच करावा लागला.

"आतून कडी पहिल्यापासून नायच, वैनी," बाग सांभाळणारा मुनीर म्हणाला. मूळचा रत्नागिरीचा. "रात्री गुलामांना बाहेरून बंद करायचे. अर्बाबने दरवाजे तसेच ठेवलेत."

अर्बाब म्हणजे बागेचा ओमानी मालक.

अंधार पडायच्या आत मुनीर निघाला. तो इब्रीला रूमवर झोपतो म्हणे. एवढी बाग सोडून? जाताना त्याने राजीवला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं.

"काय म्हणत होता?"

"काही नाही गं. नाश्त्याचं विचारत होता."

मला ते पटलं नाही.

जेवून परत येताना पाण्याचा आवाज आला. खोल्यांच्या कडेने फलज वाहतो. फलज म्हणजे दगडी पाट. तिकडच्या बागा त्याच्यावरच जगतात, प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली असते. आमच्या खोलीमागे त्याला एक फाटा होता, आणि त्यातून पाणी एका रिकाम्या वाफ्यात चाललं होतं.

वाफ्यात काहीच नव्हतं. एक रोप नाही की गवताची काडी नाही.

पुण्यात टँकरच्या रांगेत वाढलेली बाई मी. पाणी वाया जाताना मला बघवत नाही. फाट्याच्या तोंडाशी फडकं गुंडाळलेला एक दगड पडला होता. राजीव मैथिलीला घेऊन पुढे गेला होता. तो दगड ढकलून मी तोंड बंद केलं. स्वतःवर खूशही झाले.

रात्री जाग आली. एक वाजून दहा मिनिटं.

मागून आवाज येत होता...

खर्रर्र... खर्रर्र...

कोरड्या मातीत कोणीतरी फावडं ओढत होतं.

मला वाटलं, मुनीरच. गेलाच नाही हा माणूस. रागाने त्याला फोन लावला. त्याने उचलला. मागे टीव्ही चालू होता, कोणीतरी हिंदीत हसत होतं.

"तुम्ही कुठे आहात?"

"रूमवर. काय झालं?"

"खोलीमागे कोणीतरी खणतंय."

त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "वैनी... पाणी बंद केलंत काय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"साहेबांना बोललो होतो मी. गुरुवारचं ते पाणी बंद नाय करायचं. जाऊन खोला. यल्ला, लगेच!"

मी राजीवकडे बघितलं. तो उठून बसला होता. नजर खाली.

"तू उगाच घाबरली असतीस म्हणून..."

खर्रर्र थांबलं.

मी दाराकडे धावले. दार हलेना. बाहेरून कडी लागली होती.

"मैथिलीला उठव," मी म्हणाले.

मी वळून बघितलं...

मैथिलीचा पलंग रिकामा होता.

खिडकीला गज होते. दार हे एकच. आम्ही दोघांनी ते बडवलं, लाथा मारल्या, तिला हाका मारल्या. मी रडत होते. राजीवला काय वाटेल ते बोलत होते.

आणि मागे पाणी सुरू झालं.

आधी बारीक धार... मग नेहमीसारखी खळखळ.

वर कडी वाजली. दार उघडलं.

मैथिली उभी होती. एकटी. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात ते ओलं फडकं.

"मम्मा, आंटीचं वॉटर स्टॉप झालं होतं. स्टोन हेवी होता ना, सो मी हेल्प केली."

"कोण आंटी? दार कोणी उघडलं?"

तिने मागे बोट दाखवलं. मागे नुसती झाडं होती. मैथिलीचा हात त्या कडीपर्यंत पोचतच नाही.

उरलेली रात्र आम्ही गाडीत काढली. सकाळी मुनीरला धरलं. वाफा कोणाचा? पाणी कोणाला?

"अर्बाबच्या आजोबापासून चाललंय. गुरुवारी संध्याकाळपासून फाटा उघडा ठेवायचा. रात्री एक वाजल्यानंतर अर्धा तास, त्या वाफ्याची पाळी. कोणाची, ते तो सांगत नाय. मी विचारत नाय."

तो रात्री खरंच इब्रीत होता का, याची मला आजही शंका आहे. टीव्ही कुठेही लावता येतो. मुनीरनेच हे सगळं केलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण पुढच्या गुरुवारी आम्ही बौशरला होतो. आमच्या घरी.

रात्री मैथिलीला पांघरूण घालायला उठले. तिच्या खोलीचं दार उघडेना. आतून ती झोपेत म्हणाली, "मम्मा, आंटी वेट करतेय..."

त्या दाराला बाहेरून कडी नाही. आतूनही नाही.

घड्याळात एक दहा झाले होते.

मला काय सुचलं कोण जाणे. मी बाल्कनीत धावले आणि तिथला नळ रिकाम्या कुंडीत सोडला. मागे दार आपोआप उघडलं.

तेव्हापासून दर गुरुवारी मी अर्धा तास तो नळ सोडते. कुंडीत नुसती माती आहे. पाणी वाया जातं, मी बघत बसते.

राजीव म्हणतो, एकदा बंद ठेवून बघू या, खरं-खोटं कळेल.

आत मैथिली झोपलेली असते. मी नळाला हात लावू देत नाही.