प्लग काळा का पडतो?

पनवेल बाजारात मनस्वीच्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोरच ती मोटरसायकल गचके खात बंद पडली, तो मात्र खरा योगायोग होता. आजोबांच्या काळातली, पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारी टू-स्ट्रोक गाडी आणि तिच्याशी झटणारा एक घामाघूम तरुण. किक मारून मारून बिचाऱ्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"किकला कशाला छळताय? प्लग काढा," मनस्वी गल्ल्यावरूनच म्हणाली.

त्याने वर पाहिलं... आणि पाहतच राहिला.

प्लग काळाकुट्ट निघाला. "हा थंड प्लग आहे," ती म्हणाली. "लांबवर, जोरात पळवणाऱ्यांना ठीक. तुम्ही गावातल्या गावात हळूहळू फिरता. तो तापतच नाही, मग काजळी जळणार कशी? गरम प्लग घ्या."

"हळूहळू फिरण्यात वाईट काय आहे?"

"ते प्लगला विचारा!"

तो डॅनी रोहेकर, खारघरच्या एका बँकेत नोकरीला. पुढच्याच आठवड्यात स्वारी पुन्हा हजर. नवा प्लग काळा, वर तेलाने थबथबलेला. मनस्वीने त्याहून गरम प्लग दिला. तोही काळा! मग चहा आला, गप्पा आल्या, चेष्टामस्करी आली. त्या गाडीची फटफट ऐकू आली की मनस्वीचा हात नकळत केसांकडे जाऊ लागला. तो आवडत होता, यात शंकाच नव्हती. पण मनातून ती धास्तावलीही होती. तिने निवडलेला प्लग चुकावा कसा?

आणि नेमके तिसऱ्या खेपेला तुळशीरामकाका दुकानात होते. वडिलांमागे दुकान काकांच्या नावावर होतं. त्यांना ते मोबाईलवाल्याला भाड्याने द्यायचं होतं. मनस्वीने हट्टाने वर्षभराची मुदत मागून घेतली होती.

काकांनी प्लग बोटांत फिरवला. "पुना काला? पोरी, तुला साधा प्लग निवडता येत नाय, दुकान काय चालवशील? मी उद्या त्या मोबाईलवाल्याला हो सांगतो."

डॅनीचा चेहरा खर्रकन उतरला. मनस्वीने ते टिपलं.

"काका, मी जाऊन येईपर्यंत थांबा," ती म्हणाली.

तिने टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढलं. बोट बुडवून पाहिलं, तर चांगलंच तेलकट! तिने स्वतः मापाने तेल घालून पेट्रोल भरलं, तसलाच नवा प्लग बसवला आणि किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू.

"बसा मागे."

"मी?"

"गाडी तुमची ना? मग साक्षीला कोण येणार?"

कर्नाळ्याच्या रस्त्याला तिची ओढणी त्याच्या तोंडावर फडफडत होती. तो ती बाजूला करत नव्हता... आणि तिनेही ती आवरली नाही.

परत आल्यावर तिने प्लग काढून काकांच्या हातात ठेवला. कोरडा, भाजलेल्या शेंगदाण्यासारखा तांबूस. काकांनी तो उजेडात फिरवून पाहिला; काजळीचा ठिपकाही नव्हता.

"आता बोला," ती डॅनीकडे वळली. "टाकीत तेल किती ओतता?"

"पहिल्यांदा चुकून जास्त पडलं, खरंच! आम्ही शनवार तेली, कोकणातले ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आमच्या पूर्वजांना तसं म्हणायचे. तेलाच्या बाबतीत हात सैलच आमचा. पण नंतर —" त्याने मान खाली घातली. "नंतर मुद्दाम ओतलं. काका, प्लग सगळे बरोबर होते. ते काळे पडले नसते तर इथे यायला निमित्तच उरलं नसतं. यांचं दुकान जाईल, हे मला ठाऊक नव्हतं. चूक माझी आहे."

काकांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. "मोबाईलवाल्याला नाय सांगतो," एवढंच पुटपुटून ते चहा सांगायला गेले.

"माझ्या दुकानाचं नाव घालवत होतात तुम्ही," मनस्वी म्हणाली. राग आला होता, आणि त्या रागातही हसू आवरत नव्हतं.

"शिक्षा द्या."

"मला तुम्ही आवडता, डॅनी. त्यासाठी इतके प्लग मारायची गरज नव्हती. यापुढे निमित्ताशिवाय यायचं. रोज."

"आणि शनिवारी? शनिवारी घरी आमचा शब्बाथ असतो, विसाव्याचा वार... गाडी बाहेर काढत नाही."

मनस्वीने तेलकट हात फडक्याला पुसले.

"मग शनिवारी मी येते. तुमच्या आईंना सांगून ठेवा."